कालव्याचं हँडल परक्याच्या हाती राहू द्या

कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचे विश्वस्त, ब्रॉड्स ऑथॉरिटीचे सदस्य आणि पर्यावरण खात्यात जलमार्गांच्या अनुदानाचा हिशोब ठेवणारे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमच्यापैकी कुणाला मराठी येत असण्याची शक्यता कमी, हे मला ठाऊक आहे. पण खुलं पत्र ज्याच्या नावाने लिहितात त्याच्यापेक्षा खांद्यावरून डोकावून वाचणाऱ्यांसाठीच जास्त असतं. इंग्लंडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी फार थोडी कालव्यावर बोट घेऊन गेली असतील. जी गेली ती पुढची दहा वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तीच गोष्ट सांगत बसतात. मी त्यांतलीच. आधी त्यांनी वाचावं, मग कुणी ना कुणी ते तुमच्यापर्यंत पोचवेलच. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: ट्रस्ट ही इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणारी संस्था, आणि ब्रॉड्स ऑथॉरिटी नॉरफोककडच्या 'ब्रॉड्स' नावाच्या तळ्या-नद्यांचा कारभार बघते.

मुद्दा आधीच सांगून टाकते. सुट्टीसाठी बोट भाड्याने घेऊन आठवडाभर पाण्यावर राहणारा माणूस कमी होत चालला आहे, आणि तुमच्या कागदपत्रांत तो उत्पन्नाचं एक आटत चाललेलं खातं म्हणून दिसतो. मला तो तुमचा बिनपगारी वकील वाटतो. तुम्हाला येत्या काही वर्षांत वकिलांची फार गरज पडणार आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कालवा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आवर्तन, चाऱ्या, पाटकरी आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याची तक्रार येते. कालव्यात बोट घालायची, तिच्यात आठवडाभर राहायचं आणि त्याला सुट्टी म्हणायचं, हे त्यांना ऐकूनच पटलं नव्हतं. ते इकडे आले त्या उन्हाळ्यात आम्ही लँगॉलेन कालव्यावर एक नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांबट, राहायची सोय असलेली बोट, भाड्याने घेतली. (या नावाचा खरा वेल्श उच्चार मला इतक्या वर्षांत जमलेला नाही, तेव्हा इंग्रजीच चालवून घ्या.) धक्क्यावरच्या पोराने तासभर शिकवलं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ब्रेक नसतो, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाजांमधल्या हौदात, खाली उतरताना बोटीचं बूड मागच्या उंबऱ्यावर अडकू द्यायचं नाही, नाहीतर पुढचा भाग पाण्यात जातो आणि मागचा हवेत राहतो. एवढं सांगून त्याने लॉकच्या पाण्याच्या झडपा उघडायची एल आकाराची दोन लोखंडी हँडलं आमच्या हातात दिली, हात हलवला आणि तो निघून गेला. ना परवाना विचारला, ना परीक्षा घेतली.

आबा ते हँडल हातात धरून बराच वेळ उभे होते. त्यांच्या नोकरीत गेटची चावी साहेबांच्या ताब्यात असे आणि गेट उघडलं की नोंदवहीत वेळ लिहून सही करावी लागे. इथे तासाभराच्या शिकवणीवर, ओळख ना पाळख अशा परदेशी म्हाताऱ्याच्या हाती दोनशे वर्षांपूर्वीच्या लॉकची झडप. "आणि याने पाणी सोडून दिलं तर?" त्यांनी मला विचारलं. 'याने' म्हणजे ते स्वतःच.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखरच पाणी सोडून दिलं. एक झडप अर्धी वर राहिली आणि आम्ही पुढे निघून गेलो. मागे दोन लॉकच्या मधला पाण्याचा पट्टा उतरायला लागला. तिथे बोटीवर राहणाऱ्या एका बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी झडप बंद केली, पायवाटेने चालत आमच्यापर्यंत आल्या, चार शब्द स्पष्ट सुनावले आणि मग वीस मिनिटं उभ्या राहून नीट शिकवलं. त्या दिवसापासून आबा प्रत्येक लॉक सोडताना चारही झडपांवरून नजर फिरवायचे. इतका चोख माणूस तुम्हाला पगार देऊनही मिळाला नसता.

पण त्यांना खरा आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. पाणी वाहत होतं. नौकानयनाच्या कालव्यात पाणी जवळजवळ उभं असतं, इथे मात्र समोरून ओढ जाणवत होती. चौकशी केली तेव्हा कळलं, हा कालवा डी नदीचं पाणी हॉर्सशू फॉल्सच्या बंधाऱ्यावरून घेतो आणि पार हर्लस्टनच्या जलाशयात नेऊन सोडतो. तिथून ते चेशायरच्या लोकांना प्यायला जातं. १९४४ साली कायदा करून हा कालवा वाहतुकीला बंद करण्यात आला होता. तो बुजवला गेला नाही, कारण पाणीपुरवठ्याला तो हवा होता. "म्हणजे शेवटी पाटच की!" आबा म्हणाले आणि तिथपासून ती सुट्टी त्यांची झाली.

हीच गोष्ट तुमच्याशी बोलताना मला सर्वांत आधी आठवते. कागदावर मेलेला तो कालवा आज देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कालव्यांपैकी एक आहे. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी १८०५ मध्ये पूर्ण केलेला पॉन्टकासिल्टीचा जलसेतू त्याच्यावर आहे. अठरा दगडी खांब, त्यांवर लोखंडी पन्हळ, खाली अडतीस मीटरवर डी नदी. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हळीची वीतभर कड सोडली तर काहीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट दरी दिसते. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. पण युनेस्को येण्याच्या कितीतरी आधी तिथे बोटी भाड्याने घेतलेली कुटुंबं येत होती आणि दरवर्षी येऊन 'हा कालवा चालू आहे' असं नुसत्या येण्याने सिद्ध करत होती. बंद म्हणून जाहीर झालेल्या पाण्यावर रहदारी दिसली की ते बंद म्हणणं अवघड जातं.

सगळ्या जाळ्याचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टरला कोळसा नेला आणि पुढच्या सत्तर वर्षांत देशभर कालवे खोदले गेले. मग रेल्वे आली, नंतर लॉरी आली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि नॅरोबोटींच्या मालवाहतुकीचा जवळपास शेवट झाला. त्यानंतर हे पाणी कशासाठी ठेवायचं, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं. उत्तर तयार केलं ते हौशी लोकांनी. एल. टी. सी. रोल्ट हे इंजिनियर १९३९ मध्ये 'क्रेसी' नावाच्या बोटीवर राहायला गेले, त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते वाचून रॉबर्ट एकमन त्यांना भेटले आणि १९४६ मध्ये दोघांनी मिळून इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली. दोघांचं पुढे पटलं नाही, तो भाग वेगळा. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांचे तीन वर्ग पाडले: मालवाहतुकीचे, नौकाविहाराचे आणि उरलेले. 'उरलेले' या शब्दातच त्यांची सोय लावण्याची तयारी दिसत होती. जे कालवे दुसऱ्या वर्गात बसले ते वाचले, कारण त्यांची देखभाल कायद्याने बंधनकारक झाली.

आता विचार करा, त्या काळात नौकाविहार करत कोण होतं? स्वतःची बोट असलेले लोक होते, पण मूठभर. बाकीचे भाड्याने बोट घेणारे. १९३० च्या दशकातच चेस्टरजवळ कालव्यावर बोटी भाड्याने मिळू लागल्या होत्या. पुढे ब्रिटिश वॉटरवेजने स्वतःचाही भाड्याचा ताफा चालवला, म्हणजे तुमची पूर्वसंस्थाच या धंद्यात होती. आणि ज्यांनी पहिल्यांदा भाड्याने बोट घेतली त्यांतलेच बरेच पुढे स्वयंसेवक झाले, शनिवार-रविवारी गमबूट घालून चिखल उपसायला उतरले. अ‍ॅश्टन कालवा आणि पीक फॉरेस्टचा खालचा भाग १९७४ मध्ये पुन्हा वाहता झाला तो अशाच लोकांच्या जोरावर. त्यामुळे चेशायर रिंग जुळली. सहा कालव्यांचं एक वर्तुळ, सुमारे दीडशे किलोमीटर, नव्वदच्या वर लॉक. आठवड्यात दमछाक होते, पण बोट न वळवता निघालेल्या ठिकाणी परत येता येतं.

या रिंगमध्येच आजच्या दुखण्याचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वतःची बोट असणाऱ्याकडे वेळ असतो. लॉकचा दरवाजा तुटला, पाणी उतरलं, झाड आडवं पडलं, तर तो बोट बांधून घरी जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. भाड्याने बोट घेतलेल्या माणसाकडे फक्त पुढच्या शनिवारची सकाळ असते. नऊच्या सुमाराला बोट धक्क्यावर परत हवी, कारण दुपारी दुसरं कुटुंब सामान घेऊन उभं राहणार. वर्तुळातलं एक लॉक बंद पडलं तर खासगी मालकाच्या दृष्टीने एक लॉक बंद असतं, भाडेकरूच्या दृष्टीने सगळी रिंग बंद असते. त्याला गेल्या वाटेनेच मागे यावं लागतं, आणि गेल्या वाटेने मागे येण्यासाठी कुणी सहा महिने आधी पैसे भरत नाही.

दोन वर्षं पैसे साठवून आम्ही उत्तरेकडची एक मोठी फेरी ठरवली होती. निघायच्या नऊ दिवस आधी बोटीच्या कंपनीचा फोन आला: वरच्या टप्प्यातलं पाणी संपत आलंय, लॉक बंद होताहेत, तुम्ही इथल्या इथे चौदा मैल जाऊन परत या. कंपनीवाल्यांचा आवाज आमच्यापेक्षा रडवेला होता. त्यांनी थोडी सूट दिली, आम्ही गेलो, मुलांनी बदकं मोजली. पुढच्या वर्षी मुलांनी स्पेन मागितलं आणि माझ्याकडे वाद घालायला काही नव्हतं.

पाण्याचं गणित तुम्हाला मी सांगायला नको, पण खांद्यावरून वाचणाऱ्यांसाठी सांगते. एक अरुंद लॉक एकदा रिकामं झालं की साधारण सव्वा लाख लिटर पाणी खाली जातं. रुंद लॉकमध्ये त्याच्या दुप्पट. डोंगरावरच्या सर्वांत उंच टप्प्याला ते पाणी वरच्या जलाशयांतूनच मिळतं, दुसरीकडून येत नाही. तुमच्याकडे असे सत्तरच्या वर जलाशय आहेत आणि त्यांतले बहुतेक दोन शतकांचे साक्षीदार. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज गावाच्या डोक्यावरच्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा पावसात खचला, सुमारे दीड हजार लोकांना घरं सोडावी लागली. जलाशय रिकामा करण्यात आला. तो मॅकल्सफील्ड आणि पीक फॉरेस्ट कालव्यांना पाणी देणारा जलाशय, आणि हे दोन्ही कालवे चेशायर रिंगमध्ये आहेत. आबांना मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी आधी सांडव्याचं डिझाइन विचारलं, मग म्हणाले, "दुरुस्ती होईपर्यंत शेपटाकडचे मरणार."

त्यानंतर २०२५ आलं. इंग्लंडने शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत पाहिला आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मोठ्या भागावर मे महिन्यातच लॉक बंद करावी लागली. हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचा. मे मध्ये दार लागलं की धंदेवाल्याच्या वर्षाचं काय राहतं? पाऊस तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. दुष्काळाचा दोष तुमच्या माथी मारायला मी पाटबंधारेवाल्याची मुलगी असून धजणार नाही. पण आवर्तन कधी मिळणार आणि कधी नाही हे शेतकऱ्याला वेळेवर सांगणं हा खात्याच्या कामाचा अर्धा भाग असतो, हेही मी त्याच घरात ऐकलं आहे.

बाकीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, भराभर सांगते. चार माणसांसाठी उन्हाळ्यातला आठवडा म्हटला की दीड-दोन हजार पौंड सहज जातात आणि तेवढ्यात विमानाने जाऊन हमखास ऊन मिळतं. लोकांना आता सलग आठवडा काढता येत नाही. शुक्रवार ते सोमवार हवा असतो, म्हणजे बोट आठवड्यातून दोनदा धुवायची, दोनदा शिकवायचं, उत्पन्न मात्र तेच. दहा-बारा जणांनी मिळून एक बोट विकत घेण्याची पद्धत निघाली आणि दरवर्षी न चुकता येणारं हक्काचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. पोलाद महागलं, विमा महागला. आणि सर्वांत गुपचूप झालेलं नुकसान म्हणजे धक्के गेले. पाण्याकाठच्या जमिनीला फ्लॅटचा भाव आला की वडिलोपार्जित बोटयार्ड चालवणाऱ्याच्या मुलाने काय करावं? वीस बोटी रंगवत बसण्यापेक्षा जागा विकून तो मोकळा होतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. पण फ्लॅट झाले की तिथे पुन्हा कधीही बोटयार्ड होत नाही.

तरीही महागाईला मी पहिलं कारण मानत नाही. माणूस महाग सुट्टी घेतो. जी सुट्टी मिळेल की नाही याची खात्री नाही, ती तो घेत नाही.

ब्रॉड्स ऑथॉरिटीच्या मंडळींनो, तुमच्याकडे लॉक जवळपास नाहीतच, म्हणून तुम्ही इतका वेळ निवांत वाचत असाल. पण उतार तुमच्याकडे सर्वांत आधी लागला. नॉरफोकच्या त्या उथळ तळ्यांवर व्हिक्टोरियाच्या काळातच जॉन लॉइन्स बोटी भाड्याने देऊ लागले आणि १९०८ मध्ये हॅरी ब्लेक यांनी अनेक मालकांच्या बोटींचं आरक्षण एका यादीत आणलं. सुट्टीसाठी बोट भाड्याने घेणं हा धंदा म्हणून जवळपास तुमच्याकडेच जन्माला आला. मजा म्हणजे ती तळीही नैसर्गिक नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, खणून काढलं, खड्ड्यांत पाणी भरलं, आणि हे मानवी काम आहे हे जॉइस लँबर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवून देईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला भाड्याचा ताफा जेवढा होता, त्याच्या निम्म्याहूनही आज कमी आहे. पॉटर हायमच्या जुन्या पुलाखालून भाड्याची मोठी बोट न्यायची तर वाटाड्या घ्यावा लागे, कारण कमान इतकी ठेंगणी की चूक परवडत नाही. आता पाण्याची पातळी अशी राहते की पलीकडच्या तळ्यांपर्यंत पोचणाऱ्या भाड्याच्या बोटी फारच थोड्या. आणि टोलचं, म्हणजे बोटीच्या वार्षिक शुल्काचं, तर तुम्हाला माहीतच आहे. भाड्याची बोट खासगी बोटीपेक्षा जास्त टोल भरते. ती गेली की तिचा वाटा उरलेल्या खासगी मालकांवर पडतो, ते कुरकुरतात, त्यांतले काही बोट विकतात. हे चक्र कुठे थांबणार आहे? थेम्स तुमच्या ताब्यात नाही, ट्रस्टच्याही नाही, पण तिच्याकडे एकदा बघून या. तिथे सुट्टीच्या बोटींचे जे धक्के एकेकाळी ओळीने होते, ते आता बोटांवर मोजावे लागतात.

पुन्हा ट्रस्टकडे वळते, कारण माझा खरा वाद तुमच्याशी आहे.

२०१८ मध्ये तुम्ही बोधचिन्ह बदललं आणि पाण्याकाठच्या आरोग्याची भाषा बोलू लागलात. पायवाटेवर चालणारे, पळणारे, सायकलवाले, कुत्रा फिरवणारे यांची संख्या बोटवाल्यांच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे हिशोब म्हणून ते समजतं. मीही त्या पायवाटेवर चालते. पण चालणाऱ्याला कालव्यात किती पाणी आहे याने काय फरक पडतो? गुडघाभर शेवाळी पाण्यातही बदकं पोहतात आणि सूर्यास्त तेवढाच छान दिसतो. चार फूट खोली, चालू झडपा, भरलेले जलाशय आणि पंचवीसेक वर्षांनी बदलावे लागणारे ओकचे दरवाजे, हे सगळं लागतं ते फक्त बोटीला. उद्या अर्थखात्यातल्या एखाद्या हुशार तरुणाने विचारलं की पळणाऱ्यांसाठी दरवाजे कशाला बदलता, तर तुमच्या आरोग्याच्या अहवालात त्याचं उत्तर नाही.

तुम्ही म्हणाल, बोटी आहेतच की. पस्तीस हजारांच्या आसपास आहेत, औद्योगिक क्रांतीच्या भरात होत्या त्याहून जास्त. खरं आहे. पण त्यांतल्या किती हलतात आणि किती बांधलेल्या असतात? किती जणांचं ते घर आहे? बोटीवर राहणाऱ्यांशी माझं भांडण नाही. आमची झडप त्यांच्यातल्याच एका बाईंनी बंद केली होती. १९९५ च्या कायद्याप्रमाणे कायमची जागा नसलेल्या बोटीने एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि घरभाड्याने पोळलेली तरुण माणसं तो नियम सांभाळत, मुलांच्या शाळा सांभाळत जगताहेत. २०२४ पासून तुम्ही त्यांच्या परवान्यावर अधिभार लावला, त्यावरून चाललेल्या भांडणात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की बोट हे ज्याचं घर आहे किंवा ज्याची मालमत्ता आहे, त्याने कालव्यासाठी आवाज उठवला की सरकारला तो स्वार्थ वाटतो. ज्याने सात दिवस बोट घेतली, हँडल फिरवलं, हाताला फोड आणले आणि घरी गेला, त्याने आपल्या खासदाराला पत्र लिहिलं तर ते नागरिकाचं पत्र असतं.

असे नागरिक तुम्हाला लवकरच लागणार आहेत. २०१२ च्या जुलैमध्ये सरकारी महामंडळ मोडून तुमची धर्मादाय संस्था झाली, पंधरा वर्षांचा अनुदानाचा करार झाला. तो २०२७ मध्ये संपतो. पुढच्या दहा वर्षांसाठी सरकारने जुलै २०२३ मध्ये जे जाहीर केलं ते सुमारे ४० कोटी पौंड आहे, आणि त्यात दरवर्षी पाच टक्क्यांनी कपात आहे, महागाई तर वेगळीच. तुम्ही त्याविरुद्ध मोहीम काढलीत, योग्यच केलंत. पण सुमारे ३२०० किलोमीटरच्या त्या जाळ्यावर ज्याने कधी रात्र काढलेली नाही त्याला ते पाणी स्वतःचं का वाटावं?

पर्यावरण खात्यातल्या अधिकाऱ्यांनी हा परिच्छेद स्वतःकडे घ्यावा. तुम्ही मोजता ते पायवाटेवरच्या भेटी. एखादी बाई रोज तीन मिनिटं कालवा ओलांडून कामावर जाते, तिची मोजणी वर्षाला काहीशे भेटी अशी होऊ शकते. चार माणसांचं कुटुंब सात रात्री पाण्यावर राहतं, वाटेतल्या चार गावांत खरेदी करतं, दोन पबमध्ये जेवतं, आणि तुमच्या तक्त्यात त्याची किंमत किती? पाण्यावर काढलेल्या रात्रींची मोजणी सुरू करा. मग अनुदानाच्या चर्चेत भाड्याची बोट कुठे बसते ते दिसेल.

काय करायचं ते सांगितल्याशिवाय तक्रार करणं आमच्या घरी चालत नव्हतं, म्हणून सांगते. जलाशयांची पातळी तुम्ही आताही प्रसिद्ध करता. पण ती टक्केवारी बघून 'मे महिन्यात चेशायर रिंग होईल का' हे माझ्यासारखीला कळत नाही. फेब्रुवारीअखेर प्रत्येक मोठ्या फेरीसाठी साध्या शब्दांत अंदाज द्या: बहुधा खुली, शंका आहे, धरून चालू नका. अंदाज चुकला तर चुकला, हवामान खात्याचाही चुकतो. हिवाळ्यातल्या दुरुस्त्यांची यादी करताना रिंग तोडणारं लॉक आधी घ्या, एकटं टोकावरचं नंतर. कालवा तुमच्यामुळे किंवा पावसामुळे हंगामात बंद राहिला तर त्या आठवड्यांचं परवाना शुल्क बोटी भाड्याने देणाऱ्यांना आपणहून परत करा, मागायला लावू नका. रक्कम मोठी नसेल, पण कंपनीवाला पुढच्या वर्षी बोट विकायची की ठेवायची हे ठरवत बसलेला असतो तेव्हा असल्या गोष्टींनीच पारडं झुकतं.

संध्याकाळी पाच वाजता नवख्या माणसाला बोट बांधायला जागा मिळत नाही, हे दुखणं सर्वांत सोपं आहे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अंधार पडत आलाय, मुलं रडताहेत, समोर पाऊण मैल बोटींची रांग. गावाजवळ दोनच खुंट, एका रात्रीपुरते, भाड्याच्या बोटीसाठी राखून ठेवलेले असले तरी पुरे. शेजारी नळ आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय चालू स्थितीत असावी. चालू स्थितीत, हे मुद्दाम लिहिते आहे.

आणि धक्क्याची जागा तुमच्या मालकीची असेल तर भाडेकरार संपल्यावर पहिली बोली फ्लॅटवाल्याची घेऊ नका. पाच वर्षं कमी भाड्यात नवा बोटवाला बसवून बघा. त्याने नाही चालवलं तर फ्लॅटवाले कुठे पळून जाताहेत? ब्रॉड्सच्या मंडळींनी हेच आपल्या नियोजन समितीत धरून ठेवावं. जमीन तुमची नसली तरी परवानगी तुमच्याच सहीने मिळते.

आबा आता प्रवास करू शकत नाहीत. धक्क्यावरच्या पोराने शेवटच्या दिवशी त्यांना एक जुनं, वाकलेलं हँडल देऊन टाकलं होतं. ते त्यांच्या पलंगाशेजारी कोनाड्यात आहे आणि औषध द्यायला येणाऱ्या परिचारिकेला ते काय आहे हे महिन्यातून एकदा तरी समजावून सांगितलं जातं. फोनवर ते मला विचारतात, यंदा वरच्या धरणात पाणी किती आहे.

माझ्या धाकट्या मुलाने स्पेनचा नाद सोडला आहे. पुढच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी मी बोट बघते आहे, चार माणसांची, शनिवार ते शनिवार. पैसे भरायची मुदत मार्चच्या सुरुवातीला आहे. चेशायर रिंग पूर्ण होईल की नाही, हे मला त्याआधी कळवावं, ही विनंती.

आपली,
भाड्याच्या बोटीवरची एक प्रवासी